रायतूरचे रेक्टर : फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आणि गोव्यातील दोन विद्यालये

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात फादर स्टीफन्स यांचे नाव निघाले की मराठी भाषेच्या थोरवीच्या त्या चार-सहा ओव्यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषादिनाच्या भाषणांनी त्या ओव्या इतक्या वेळा उगाळल्या आहेत की सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मागे पडला आणि एका परकीयाने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र तेवढे आपल्या हाती उरले. या व्यवहारात कवीचे चरित्रही हरवले आहे. स्टीफन्स हे एकांतात काव्यसाधना करणारे कवी नव्हते. ते एका मोठ्या धर्मसंस्थेचे शिस्तबद्ध सेवक होते; त्यांची चाळीस वर्षे विद्यालयांच्या आणि चर्चांच्या कारभारात गेली. जुन्या गोव्यातील सेंट पॉलचे विद्यालय आणि साष्टीतील, म्हणजे मडगाव-रायतूर येथील, विद्यालय या दोन कॅथलिक विद्यापीठांच्या आवारातूनच ख्रिस्तपुराण जन्मले. ज्या संस्थेने साष्टीतील लोकांची जुनी पुराणे हिरावून घेतली त्याच संस्थेच्या एका रेक्टरने त्यांना नवे पुराण दिले. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून वाचता येत नाहीत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचा उल्लेख कधी एस्तेव्हांव असा, तर कधी गावाच्या नावावरून बुस्तेन असा येतो. वडील लंडनचे व्यापारी होते. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत झाले. तो काळ एलिझाबेथ राणीच्या राजवटीचा, आणि इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाच्या संशयाखाली जगणे होते. टॉमस पाउंड नावाच्या एका सधन कॅथलिक गृहस्थाशी स्टीफन्स यांचा स्नेह जडला. त्यांचा नोकर असल्याच्या वेषात स्टीफन्स त्यांच्याबरोबर काही काळ हिंडले. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, प्रवेश घ्यावा असा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी सांत आंद्रेआ येथे नवदीक्षित म्हणून दाखल झाले. रोमन विद्यालयात त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या इंग्रज तरुणांपैकी हेन्री गार्नेट पुढे मायदेशी परतले आणि १६०६ मध्ये लंडनमध्ये फासावर गेले. स्टीफन्स यांनी पूर्वेची वाट धरली. धर्मासाठी देशोधडीला लागलेला माणूस असे त्यांचे वर्णन केले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे साष्टीत त्यांनी काय पाहिले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. पोहोचल्यावर लवकरच त्यांनी वडिलांना पाठविलेले पत्र इंग्लंडमध्ये गाजले. हॅक्लूट यांनी आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या सागरी मार्गाकडे वळविणाऱ्या लेखनात इतिहासकार त्याची गणना करतात. हिंदुस्थानात स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख होतो तो याच आधारावर. चार वर्षांनंतर, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. दोनशे वर्षे आधी केलेल्या या निरीक्षणातून शास्त्र उभे राहिले नाही हे खरे. पण तिशी ओलांडलेल्या या नवख्या पाद्र्याचा कान किती तयार होता ते त्यावरून कळते.

ज्या गोव्यात ते उतरले तिथे सेंट पॉलचे विद्यालय येशूसंघाचे केंद्र होते. १५४१ मध्ये सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाने ते सुरू झाले. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात आले आणि काही वर्षांतच विद्यालयाचा कारभार येशूसंघाकडे गेला. आशिया-आफ्रिकेच्या नाना प्रदेशांतून आलेली मुले तिथे लॅटिन आणि धर्मशास्त्र शिकत. ॲबिसिनियाकडे जावयाचा एक छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यास आला, तो याच विद्यालयात राहिला. त्यावर पहिल्यांदा छापले गेले ते विद्यार्थ्यांच्या तत्त्वज्ञानविषयक वादसभेतील सिद्धांत. भारतातील मुद्रणाचा आरंभ अशा रीतीने एका शैक्षणिक कागदाने झाला, ही गोष्ट विद्यापीठीय नियतकालिकाच्या वाचकांना गंमतीची वाटेल. स्टीफन्स यांना १५८० मध्ये गोव्यातच पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. काही काळ संघाच्या निवासाची व्यवस्था पाहिल्यावर त्यांची रवानगी साष्टीत झाली. मधला थोडा काळ वगळता त्यांचे उरलेले आयुष्य साष्टीतच गेले.

साष्टीचा इतिहास इथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण ख्रिस्तपुराणाचा श्रोता तिथला आहे. बारदेशासह हा प्रदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला. त्याआधी, १५२६ मध्ये, साष्टीतल्या केळोशी गावच्या कृष्णदास शामा यांनी श्रीकृष्णचरित्रकथा ओवीत रचली होती. म्हणजे या भूमीत मराठी पुराणकाव्याची परंपरा स्टीफन्स येण्यापूर्वीच रुजलेली होती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम झाली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला. देव ज्यांना हलविता आले त्यांनी हलविले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासूनच आलेले होते. हिंदू धर्मग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले. नवख्रिस्ती ब्राह्मण आणि त्यांचे शेजारी यांच्या घरांतून कथा-पुराणांचा आवाज थांबला.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत या दडपणाचा स्फोट झाला. चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना गावकऱ्यांनी ठार केले. मृतांत रुडोल्फ आक्वाविवा होते. अकबराच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारातून ते त्याच वर्षी परतले होते. त्यांचे देह रायतूरच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. पोर्तुगीज सत्तेने याचा सूड घेतला तो असा की, गावकऱ्यांच्या प्रमुखांना वाटाघाटीच्या नावाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला गेली. स्टीफन्स यांचे भावाला लिहिलेले भाषाविषयक निरीक्षणाचे पत्र या घटनेनंतर तीनच महिन्यांनी लिहिलेले आहे. मराठी समीक्षेने हे दोन प्रसंग एकत्र ठेवून पाहिलेले फारसे आढळत नाही. आपल्या देशात धर्माच्या कारणाने जो छळ चुकवून स्टीफन्स निघाले होते, तो त्यांना इथे वेगळ्या बाजूने पाहावा लागला: या वेळी छळणारी सत्ता त्यांच्या स्वतःच्या धर्माची होती. या विसंगतीविषयी त्यांनी काय अनुभवले असेल याची कल्पना करण्याचा मोह चरित्रकाराने टाळलेला बरा. त्यांनी संस्थेची शिस्त शेवटपर्यंत मानली एवढे निश्चित म्हणता येते.

त्याच वर्षाच्या अखेरचा एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स हे इंग्रज व्यापारी आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार यांना होर्मुझला हेर ठरवून पकडण्यात आले आणि गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडविले. ज्या राजवटीमुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला तिचीच ही प्रजा होती. स्टोरी सेंट पॉलच्या विद्यालयात राहिला, कारण तिथल्या चर्चला चित्रकाराची गरज होती; बाकीचे तिघे पुढच्या वर्षी गोव्यातून निसटले. फिच यांनी नंतर लिहिलेला वृत्तांत इंग्रजांच्या हिंदुस्थानविषयक ज्ञानाचा एक पाया ठरला.

साष्टीचे विद्यालय स्थिर नव्हते. १५७४ मध्ये ते मडगावी सुरू झाले; आदिलशाही फौजेच्या हल्ल्यानंतर, १५८० च्या सुमारास, ते जुवारी नदीकाठच्या रायतूरच्या किल्ल्याच्या आश्रयाला गेले. शतकाच्या अखेरीस पुन्हा मडगाव, आणि १६१० च्या सुमारास कायमचे रायतूर. रायतूर हे स्थानिक नाव; पोर्तुगीज उच्चार राशोल. नव्या इमारतीचा पाया १६०६ मध्ये घातला गेला. या विद्यालयाचे रेक्टरपद स्टीफन्स यांनी सांभाळले. मडगाव आणि आसपासच्या चर्चांतही त्यांनी धर्मगुरू म्हणून काम केले. रेक्टर म्हटले की हिशेब, शिस्त, वरिष्ठांना पत्रे, मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी हे सारे आले. महाविद्यालयात प्राचार्यपदाची धुरा वाहून संशोधन करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना या आयुष्याची ओळख पटावी.

५ डिसेंबर १६०८ रोजी येशूसंघाचे प्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना लिहिलेले त्यांचे पत्र मराठी मुद्रणाच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. कुंकळ्ळीत मारले गेलेले रुडोल्फ हे या प्रमुखांचे पुतणे. या पत्रात स्टीफन्स यांनी इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तक छापलेले पाहण्याची आपली जुनी इच्छा कळविली आहे. मलबारात तसे घडले होते. १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीत पुस्तक निघाले होते. मात्र इथली अक्षरे स्वरयुक्त असल्याने सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील आणि ते आवाक्याबाहेरचे आहे, ही अडचणही त्यांनी मांडली. ती खोटी नव्हती. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या यांचा मेळ धातूच्या खिळ्यांत बसविण्यासाठी मराठीला पुढे आणखी जवळजवळ दोनशे वर्षे वाट पाहावी लागली. परिणामी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमी लिपीत. मुखपृष्ठावर मराठी नावही नव्हते. ख्रिस्ताच्या आगमनावरील प्रवचन अशा अर्थाचे पोर्तुगीज शीर्षक त्यावर होते. ख्रिस्तपुराण हे नाव लोकांनी दिले आणि तेच टिकले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू आणि दुसऱ्याचे ५९, एकूण १०,९६२ ओव्या. पहिल्यात जुन्या करारातील सृष्टीची उत्पत्ती ते ख्रिस्ताची प्रतीक्षा हा भाग येतो आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र येते. आरंभीची चौकट लक्षात घेण्यासारखी आहे. धर्मगुरू शिकवीत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो की, जुनी पुराणे आम्हाला निषिद्ध झाली, मग त्यांच्या जागी नवे पुराण का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून सारा ग्रंथ उभा राहतो. अभ्यासक या प्रसंगाकडे काव्यगत संकेत म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. परंतु वर सांगितलेला साष्टीचा इतिहास जवळ ठेवला की त्या संकेताखाली एक खरी पोकळी दिसू लागते. जी भूक रेक्टरांनी भागविली ती त्यांच्याच व्यवस्थेने निर्माण केलेली होती. त्यांचे मोठेपण असे की, त्यांनी ती भूक ओळखली. प्रश्नोत्तरी पाठ करून घेतल्याने ती भागणार नाही हे त्यांना कळले. श्रोत्याला कथा हवी होती, ओवीची लय हवी होती, स्वर्गासाठी वैकुंठ हा ओळखीचा शब्द हवा होता. स्टीफन्स यांनी तो दिला.

इथे एक विषयांतर. प्रस्तुत लेखक वाशीम जिल्ह्यात अध्यापन करतो आणि याच जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. ज्या गुरुचरित्रात त्यांची कथा आहे त्याची चौकटही विचारणारा शिष्य आणि सांगणारा गुरू अशीच आहे. त्याच कारंज्यात दिगंबर जैनांची भट्टारकपीठे होती आणि तिथल्या ग्रंथभांडारांत मराठी जैन रचना जपल्या गेल्या. वेदपरंपरेबाहेरचा आशय ओवीत आणि पुराणाच्या घाटात सांगण्याचा प्रघात जैन कवींनी मराठीत चालविलेला होता. स्टीफन्स यांना कारंजा ठाऊक असण्याचे कारण नाही. सांगावयाचे ते एवढेच की, पुराण हा मराठीतला घाट कोणा एका धर्माची मिरास नव्हता. परक्या धर्माने हे पात्र बळकावले असे म्हणणारे आणि परक्या कवीने चमत्कार केला असे म्हणणारे, दोघेही या मोकळेपणाकडे दुर्लक्ष करतात.

भाषेचा वाद गोव्यात अजून शमलेला नाही, म्हणून त्याविषयी थोडे. पर्वरीच्या कोकणी संशोधन केंद्राला स्टीफन्स यांचे नाव आहे. मराठी वाङ्मयेतिहास त्यांना आपले म्हणतो. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या धामधुमीत दोन्ही बाजूंनी त्यांना साक्षीला उभे केले. वास्तविक त्यांच्या लेखनातच याचा उलगडा आहे. मुलांना शिकवायची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी त्यांनी कोकणी गद्यात लिहिली. प्रौढ, शिकलेल्या श्रोत्यासाठी पुराण लिहिताना मराठी घेतली, कारण साष्टीत काव्याची भाषा तीच होती. पुराणातली भाषा बहुतांशी मराठी असून ती सुलभ व्हावी म्हणून तिच्यात तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीचे शब्द मिसळले आहेत, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. बोलण्याची भाषा आणि ग्रंथाची भाषा यांची ही वाटणी त्यांनी निर्माण केलेली नाही. त्यांनी ती जशी होती तशी पाळली. आजच्या भांडणात त्यांना ओढताना आपण चार शतकांपूर्वीच्या व्यवहाराला आजची लोकसंख्या आणि आजची सत्ता चिकटवतो.

स्टीफन्स १६१९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, गोव्यात वारले. कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण फादर दियोगो रिबैरो यांनी भर घालून १६४० मध्ये तिथेच प्रसिद्ध केले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढच्या पिढीतील एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरचे पुराण रचून ही वाट चालू ठेवली. मग वारे फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. १७५९ मध्ये पोम्बालच्या आदेशाने जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून घालविण्यात आले. रायतूरचे विद्यालय १७६२ मध्ये धर्मप्रांताचे सेमिनार झाले आणि ते आजही तिथे आहे. सेंट पॉलचे आवार रोगराईमुळे आधीच ओस पडत गेले होते. एकोणिसाव्या शतकात ते पाडले गेले आणि आज जुन्या गोव्यात रस्त्याच्या कडेला त्याची फक्त कमान उभी आहे. विदर्भातून सहलीला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या बस बॉम जेझूला थांबतात. या कमानीपाशी थांबण्याचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे; गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या कोकणी कॅथलिक कुटुंबांनी तो जपला. त्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमी लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून ती नागरीत आणली आणि मगच महाराष्ट्रातील सामान्य अभ्यासकाला हा ग्रंथ वाचता आला. दरम्यान जस्टिन ॲबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतील एक हस्तलिखित आढळले आणि १९२३ च्या सुमारास त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. या प्रतीत रोमी पाठातल्या पुष्कळशा पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. हीच मूळ संहिता असे ॲबट यांचे मत होते. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांना ते मान्य नाही आणि रोमी पाठ आधीचा असे ते मानतात. कोणता पाठ आधीचा हे कसेही ठरो. सहाशे साच्यांअभावी रायतूरच्या छापखान्याला जे साधले नाही, ते या प्रतीत बोरूने लिहून काढलेले आहे. तिच्या लेखकाचे नाव मात्र प्रतीवर नाही.